मुंगळीचं अक्षर

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल पेन आहे. माझ्या पोटात शाईचा थेंबही नाही. काचेच्या पाटीवर मला धरून लिहिलं, की हातचं अक्षर पुसलं जातं आणि त्याच्या जागी छापील अक्षर उमटतं.

शिवणकाम करणाऱ्या एका आईने मला लेकीसाठी घेतलं. लेक हुशार, पण अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला! तिच्या ओळी शाईत बुडून चाललेल्या मुंगळ्यांसारख्या दिसायच्या, म्हणून दादा तिला 'मुंगळी'च म्हणायचा. उत्तर बरोबर असूनही बिचारीचे गुण कापले जायचे.

सुरुवातीला मीही गोंधळलो. ती वैतागायची, पुन्हा लिहायची. हळूहळू तिचा लंगडा 'ळ' मला ओळखू येऊ लागला. मग एकदा वर्गात बाई म्हणाल्या, "आता कळतंय हो, तुझ्या डोक्यात काय काय आहे ते!" त्या दिवशी ती मला मुठीत धरून नाचतच घरी आली. मला फार बरं वाटलं.

त्याच आनंदात आईने तिच्या जुन्या वह्या रद्दीत घातल्या. "सुटले बाई एकदाची त्या मुंगळ्यांच्या वारुळातून!" ती म्हणाली. पाटीच्या पोटात हातच्या अक्षराची एक प्रत साठायची; जागा अडते म्हणून दादाने ती पुसली आणि पुढे साठवणंही बंद करून टाकलं. सगळे हसले. मुंगळी तर पोट धरून हसली.

पुढच्या वर्षी ती तापाने फणफणली. तिला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

बऱ्याच दिवसांनी आईने शिवणयंत्र थांबवून दादाला हाक मारली. "तिने लिहिलेलं काहीतरी दाखव रे."

दादाने पाटी पुढे केली. तिचे निबंध, गणितं, मैत्रिणीची केलेली चेष्टा, सगळं त्यात होतं.

"हे छापलेलं आहे. तिचं अक्षर कुठाय?"

दादा पाटीवर बोट फिरवत राहिला. "नाही गं आई. तेवढंच नाही राहिलं."

आईने मला हातात घेतलं. मुंगळी अंगठा दाबून धरायची, तिथलं माझं रबर झिजलं आहे. आईने तिथे आपला अंगठा ठेवला आणि ती ढसाढसा रडली.

आता मी सुया-दोऱ्यांच्या डब्यात असतो. मित्रांनो, माझ्यासारख्या पेनाने खुशाल लिहा, पण आपल्या माणसाच्या हातचं एखादं वेडंवाकडं पान जपून ठेवा. मुंगळीचा लंगडा 'ळ' मी आजही लाखांत ओळखीन. पण आईने कितीही विनवलं, तरी तो मला काढून दाखवता येत नाही.