जेवायची जागा

आप्पारावांनी काचेच्या पेटीचं दार सरकवलं आणि लगेच तोंड वळवलं. काल खाल्लेला उंदीर सापानं परत बाहेर टाकला होता. महिन्यात ही दुसरी वेळ.

"कसला वास यायलाय ओ?" स्वयंपाकघरातून गीताबाईंनी विचारलं.

"काई न्हाई," म्हणत त्यांनी खिडकी उघडली, सगळं कागदात गुंडाळलं आणि मागच्या दारानं नेऊन टाकलं.

साप हरिओमचा, त्यांच्या मुलाचा. परदेशी जातीचा, आखूड, जाडसर, बिनविषारी अजगर. रीतसर नोंद केलेला. हरिओमला पुण्यात नोकरी लागली आणि तिथल्या घरमालकानं साप नको म्हणून सांगितलं, तेव्हापासून तो बिदरजवळच्या नौबादच्या या घरात होता. मुलासाठी म्हणून गीताबाईंनी पेटी घरात ठेवू दिली, पण उंदीर उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही म्हणाल्या. त्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं.

मग आप्पाराव सापाला टबात घालून परसात नेत, चिमट्यानं मेलेला उंदीर पुढे धरत आणि गिळून झाला की त्याला उचलून पुन्हा पेटीत ठेवत. हरिओमनं पेटीतच खायला घालायला बजावलं होतं. तो फोनवर विचारायचा, तेव्हा आप्पाराव "व्हय, आतच घालायलोय" म्हणायचे.

आता मात्र सापाच्या पाठीचा कणा हाताला लागत होता. मुलाला सांगायचं धाडस होईना, म्हणून त्यांनी राजपालला फोन केला. राजपाल हरिओमचा शाळेतला सोबती, बुद्धविहाराजवळच्या गल्लीतला. आता जनावरांचा डॉक्टर होता, बिदरात त्याचा स्वतःचा दवाखाना होता.

रविवारी दुपारी तो आला. सापाला दोन्ही हातांवर घेऊन त्यानं तोंड पाहिलं, पोटाखालून बोटं फिरवली.

"खायला कुठं घालता काका?"

"आतच."

राजपालनं मागच्या दाराशी ठेवलेल्या टबाकडे पाहिलं.

"परसात," आप्पाराव म्हणाले.

"कामून?"

आप्पारावांची नजर स्वयंपाकघराकडे गेली. राजपालनं मान हलवली आणि सापाला हळूच पेटीत सोडलं.

"थोडे दिवस काहीच देऊ नका. पोटाला आराम पडू द्या. मग पेटीतच द्या आणि खाल्ल्यावर दोन दिवस हात लावू नका. भरल्या पोटी इकडून तिकडं नेलं की घाबरतंय, मग टाकतंय. दुसरं काई न्हाई त्याला."

आप्पारावांच्या मनावरचं ओझं उतरलं. "आता जेवल्याबिगर जायचं न्हाई," ते म्हणाले.

"दवाखान्यात जायचंय काका."

"जाशील की."

राजपाल क्षणभर थांबला, मग नळावर गेला आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुऊ लागला. आप्पाराव आत आले. चुलीजवळ, म्हणजे आता गॅसजवळ, त्यांचं एकट्याचं ताट मांडलेलं होतं. बाहेर ओसरीवर सतरंजी टाकली होती. तिच्यापुढे कागदी पत्रावळ आणि प्लास्टिकचा पेला.

"हे काय?"

"सापाला हात लावलाय त्यानं," गीताबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "आत नगं."

आप्पारावांनी तोंड उघडलं. इतके महिने ते स्वतः सापाला हात लावत आले होते, चिमटा निसटला तर उंदरालाही, आणि त्याच हातांनी, धुऊन, इथंच बसून जेवले होते. गीताबाईंनीच गरम भाकरी वाढली होती. हे त्यांना ठाऊक होतं, गीताबाईंनाही ठाऊक होतं. एवढंच बोलायचं होतं. तव्यावरची भाकरी फुगली. गीताबाईंनी ती उतरवून त्यांच्या हातात दिली, वर तूप जरा जास्तच घातलं. आप्पारावांनी ती ओसरीवर नेऊन पत्रावळीत वाढली.

राजपालनं पत्रावळीकडे पाहिलं आणि मांडी घातली.

"काका, तुमचं?"

"तू घे. मी बसतो नंतर."

ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. बाहेर गेले नाहीत आणि आत जाऊन ताटावरही बसले नाहीत. राजपाल खाली मान घालून जेवला. पानात काही टाकलं नाही, पुन्हा काही मागितलंही नाही.

"चटणी छान झाली काकू," तो आतल्या दिशेनं म्हणाला.

मग त्यानं पत्रावळ दुमडली, पेला तिच्यात खोचला आणि कुठं टाकायचं म्हणून इकडेतिकडे पाहिलं. राहू दे, असं कुणी म्हणालं नाही. गल्लीच्या टोकाशी कचऱ्याचा डबा होता, तिथवर तो ते हातात धरून गेला. परत आला, "येतो काका" म्हणाला आणि त्यानं स्कूटर सुरू केली.

आप्पारावांचं ताट तसंच निवलं. गीताबाईंनी ते उचललं. का जेवला नाहीत, असं विचारलं नाही.

पुढे सापाला खायला द्यायची वेळ आली, तेव्हा आप्पाराव मेलेला उंदीर वाडग्यात घालून पुढच्या दारानं, मधल्या खोलीतून घेऊन आले. गीताबाई वाटेत होत्या. त्यांनी हातातल्या वाडग्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पदर सावरून बाजूला झाल्या. सापानं पेटीतच झडप घातली, वेटोळं आवळलं आणि सावकाश गिळलं. त्या रात्री आप्पारावांनी हरिओमला खरं काय ते सांगितलं. मुलगा रागावला नाही. "डॉक्टर कोण मिळाला?" एवढंच त्यानं विचारलं आणि नाव ऐकून खूष झाला. "जेवू घातलास का त्याला?" म्हणाला. आप्पारावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पुण्याच्या हवापाण्याचं विचारलं.

काही दिवसांनी राजपालचाच फोन आला.

"खाल्लं का त्यानं?"

"खाल्लं. टाकलं न्हाई."

"पेटीतच दिलं ना?"

"पेटीतच."

"मग आता काळजी न्हाई."

तो फोन ठेवणार, इतक्यात आप्पाराव म्हणाले, "डॉक्टर..." आणि थांबले. "राजपाल, येत्या रविवारी जेवायला ये."

पलीकडे कुठंतरी म्हैस रेकली.

"कुठं, काका?"

आवाज नेहमीसारखाच मऊ होता. स्वयंपाकघरात गीताबाईंचा भाकरी थापता हात थांबला.

"आत," आप्पाराव म्हणाले, पण तो शब्द ओठांतच राहिल्यासारखा निघाला. ते उठले, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "आत. माझ्या पंगतीला."

"बघतो, काका," राजपाल म्हणाला.

फोन बंद झाल्यावरही बराच वेळ परातीतून आवाज आला नाही.