डाव्या बाजूचा निकाल

टोकियोच्या अकिहाबारा बाजारात इअरफोनचा निकाल कुरामोची गुरुजींनीच लावायचा. तीन वर्षांपूर्वी माझे इअरफोन ऐकून ते चारचौघांत म्हणाले, “डावी बाजू मेलेलीच की! बहिऱ्यांसाठी बनवलेस का रे, तोगाशी?” माझा धंदा बसला. यंत्रावर मोजलं, तर दोन्ही बाजू सारख्याच होत्या. मी डूख धरला.

यंदाच्या इअरफोन मेळ्यात मी डावीकडचा आवाज दुप्पट करून इअरफोन त्यांच्या हातात ठेवले. डोळे मिटून त्यांनी अख्खं गाणं ऐकलं.

“आता कसं! दोन्ही बाजू अगदी काटेतोल.”

मी लवून आभार मानले आणि तेच इअरफोन रांगेतल्या बाकीच्यांना ऐकवले. एकेकाने कळवळून डावा कान धरला. हसलं कोणीच नाही. फक्त त्यानंतर जो तो गुरुजींच्या उजव्या बाजूला जाऊन मोठ्याने बोलू लागला.

सगळ्यांत मोठ्याने मी.