न लागलेला दिवा

एकतीस वर्षं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत शुद्ध पाणी बनवलं. पण कुणी विचारलं की आमचे हे सांगायचे, "ती तिथे बाटल्या धुते." खोटं नव्हतं ते, बाटल्याही धुवायचेच. पण स्वयंपाक करणारीला कुणी 'भांडी घासते' एवढंच म्हणत नाही. मी मान खाली घालून ऐकून घ्यायचे आणि घरी आल्यावर दोन दिवस बोलायचे नाही.

आमचे हे वायरमन. निवृत्त झाले तरी खिशातला टेस्टर सुटलेला नाही. त्यांनी नातीला, म्हणजे आमच्या बारकीला, सांगितलं की निव्वळ पाण्यातून वीज अशी जातच नाही, पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे जाते. तिने ते वर्गात सांगितलं. सगळा वर्ग हसला, कारण ओल्या हाताने बटण दाबू नये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग बारकीने, रक्त आमचंच, शब्द देऊन टाकला की शनिवारी माझे आजोबा येऊन दाखवतील. बाईंनीही शनिवारचा तास मोकळा ठेवला.

झाली खटपट सुरू. ह्यांनी नऊ व्होल्टचा सेल, एक तांबडा एलईडी दिवा आणि दोन उघड्या तारा अशी जोडणी केली. तारा नळाच्या पाण्यात बुडवल्या, दिवा लागला. फिल्टरच्या पाण्यात मंद का होईना, पण लागला. एसीच्या नळीखाली बादली ठेवली, तर तिच्यात पाण्याइतकीच धूळ. गॅरेजवाल्याकडून बॅटरीत घालायचं पाणी आणलं, ते त्याने उघड्या कॅनमधून कळकट मगाने काढून दिलेलं. पुन्हा दिवा. आणि दर वेळी दिवा लागला की आजोबा-नात अशी तोंडं पाडायची, की बघणाऱ्याला वाटावं घरातली वीज गेली.

मी गप्प होते. विचारल्याशिवाय सांगायची मला सवय नाही. ह्यांचं मत याबाबतीत वेगळं आहे.

गुरुवारी बारकी रडकुंडीला आली. "आजी, मी तोंडघशी पडणार गं."

मग मला राहवेना. मोठं पातेलं काढलं. तळाशी तिवई, तिवईवर काचेचा वाडगा, भोवती नळाचं पाणी. वर झाकण उलटं, मूठ आत, आणि झाकणात बर्फ. वाफ झाकणाला लागून गार होते आणि मुठीवरून थेंब थेंब वाडग्यात पडते.

"गॅस मोठा कर की," हे म्हणाले. "असं किती दिवस चालणार?"

"पाणी उसळलं की शिंतोडे वाडग्यात उडतात. शिंतोडे म्हणजे परत नळाचंच पाणी."

झाकण-वाडग्याचा मळ घेऊन उतरलेलं पहिलं अर्धा कप पाणी मी मोरीत ओतलं, तेव्हा ह्यांनी कपाळाला हात लावला.

शुक्रवारी दुपारपर्यंत बाटलीभर पाणी जमलं. ह्यांनी तारा बुडवल्या. दिवा लागला, अगदी मिणमिणता, पण लागला. बारकीचे डोळे भरून आले. मी बाटली उचलून पाहिली.

"ही कुणी धुतली?"

"मी," हे ऐटीत म्हणाले. "तीनदा. नळाखाली. कशी लख्ख आहे बघ."

"मी दीड दिवस राबून जे बाहेर काढलं, तेच तुम्ही परत आत घातलंत." माझा आवाज चढला होता. "अहो, शेवटचं विसळणं याच पाण्याने करायचं. तीनदा. आणि ते पाणी फेकून द्यायचं."

"एवढ्या कष्टाचं पाणी फेकायचं?"

"त्यालाच बाटल्या धुणं म्हणतात," मी म्हटलं. "एकतीस वर्षं तेच करत होते मी."

पातेलं उचलून ह्यांनीच परत गॅसवर ठेवलं आणि गॅस बारीक केला, माझ्यापेक्षाही बारीक.

शनिवारी वर्गात चाळीस माना पुढे झाल्या. बाटली, पेला, तारा, सगळं मी माझ्या हाताने विसळलेलं. ह्यांनी तारा पाण्यात सोडल्या. दिवा लागला नाही.

"तार सुटली असेल," मागून एक जण म्हणाला.

बारकी याचीच वाट बघत होती. तिने चिमूटभर मीठ पेल्यात टाकून ढवळलं, आणि दिवा लागला. आता कुणी हसलं नाही. माझं काम नीट झालं की काहीच घडायचं नाही, म्हणून इतकी वर्षं ते कुणाला दिसलं नव्हतं. आज चाळीस पोरांनी ते डोळे फाडून पाहिलं होतं.

"घरी ओले हात पुसूनच बटण दाबायचं," ह्यांनी पोरांना दम भरला. "तुमच्या हाताला हे पाणी नसतं."

"मग हे कुठून विकत आणलंत?" बाईंनी विचारलं.

"विकत कशाला? हिने केलं." हे माझ्याकडे वळले. "एकतीस वर्षं कॉलेजात बाटल्या धुवायची ही."

वाक्य तेच होतं. पण ते सांगताना ह्यांची छाती फुगली होती, आणि मी मान खाली घातली नाही.