माझ्या पाटावरची सुपारी

आमच्या कारखान्यात दरवर्षी सत्यनारायण असतो आणि पूजेला बसतो तो कारखान्याचा मुख्य, सपत्नीक. मुख्य बाई निघाली तर काय करायचं, हे डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कुणाला सुचलेलंच नव्हतं. औषधाच्या बाटल्यांचा हा अख्खा कारखाना नऊ महिने मी चालवतेय. कागदोपत्री मी प्रभारी, आणि केबिनच्या दारावर पाटी अजून जुन्या साहेबांची. यंदा आरतीनंतर डायरेक्टर कायमच्या मुख्याचं नाव जाहीर करणार होते. ते माझं असावं असं मला वाटत होतं. वाटायचं काय त्यात, हक्काचंच होतं ते.

आठ दिवस आधी आमचा एचआर मॅनेजर श्रीनाथ केबिनमध्ये आला.

"मॅडम, यजमान म्हणून तुमचे मिस्टर बसतील ना?"

"तो मुळगावच्या शाळेत भूगोल शिकवतो. त्याचा इथे काय संबंध?"

"जोडपं लागतं ना. तुम्ही बाजूला बसा, त्यांच्या हाताला हात लावून."

मी तो हात कपाळाला लावला.

साईश, माझा नवरा, बिचारा रजा काढून सोवळं नेसून आला. वर्षातून एकदाच येणारे डायरेक्टर मोटारीतून उतरले ते यजमान म्हणजेच मुख्य समजून थेट त्याच्याकडे. "यंदा उत्पादन छान वाढवलंत," म्हणाले. साईशने माझ्याकडे बोट दाखवलं, "ते हिनं वाढवलं." डायरेक्टर हसले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "विनयी आहात." माझं टाळकंच सटकलं होतं, पण अंगावर जरीची साडी आणि समोर दोनशे कामगार. पाटावर जाऊन बसले.

पूजा अर्ध्यावर आली तेवढ्यात सुपरवायझर विठ्ठल दारात येऊन उभा राहिला. बाटल्या फुगवायला हवा देणारा मोठा कंप्रेसर बंद पडला होता. अर्ध्या तासात हवा मिळाली नाही तर प्लास्टिक मशीनच्या पोटात थिजतं, मग दोन दिवस ते खरवडत बसा. मी रुद्रेशकडे बघितलं. हा माझा सहायक, याला हे सगळं मीच शिकवलंय. पठ्ठ्या हात जोडून पंचामृताच्या भांड्याकडे बघत राहिला. शेवटी मीच उठले.

"बाय, पूजेत मधीच उठूंक जायना," भटजी म्हणाले.

"मग तुम्ही चला कंप्रेसर बघायला," म्हटलं आणि निघाले.

पदर खोचून पंचवीस मिनिटांत हवा सुरू केली. जरीला ग्रीस लागलं ते लागलंच. परत आले तर आरती संपत आली होती आणि माझ्या पाटावर एक सुपारी मांडलेली. बायको हजर नसली की तिच्या जागी सुपारी ठेवून पूजा पुरी करतात, हे मला माहीत होतं. आपल्या जागी ती बघायची वेळ येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

"मी नको म्हटलेलं," साईश हळूच म्हणाला.

तीर्थप्रसाद झाल्यावर डायरेक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, आज तुमच्यामुळे कारखाना वाचला. म्हणूनच वाटतं, तुम्ही मशीनपाशीच हव्यात. मुख्याला पाहुण्यांत, बैठकांत शेवटपर्यंत बसावं लागतं. रुद्रेश बघा, जराही हलला नाही."

म्हणजे उठले म्हणून कारखाना वाचला, आणि उठले म्हणूनच खुर्ची गेली. त्यांनी माइकवरून रुद्रेशचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या, माझ्या हातात शिऱ्याचा द्रोण आला. रागानं रडू येत होतं. तिथे नाही रडले.

पाटावरची सुपारी उचलली, केबिनमध्ये गेले आणि मुख्याच्या खुर्चीवर, गादीच्या बरोबर मधोमध ठेवली. श्रीनाथ मागोमाग आला होता.

"हे काय, मॅडम?"

"मुख्याच्या जागेसाठी अजून एक उमेदवार," म्हटलं. "शेवटपर्यंत बसून राहते. जराही हलत नाही."