जिवंत माणसाची जाहिरात

मित्रांनो, फुलसावंगीच्या रस्त्यावर बंजाऱ्यांचा एक तांडा लागतो. तिथल्या शाळेच्या पडवीत, वाशाला टांगलेला एक जुना भोंगा तुम्हाला दिसेल. तो मी. माझ्या ओठाला मोठा पोचा पडला आहे, तारा तुटल्या आहेत, आत चिमण्यांनी घर केलं आहे. मला आता बोलता येत नाही म्हणून माझी कीव करू नका. जे बोलायचं होतं ते मी एकदा भर चौकात बोलून घेतलं. ज्या बाईविरुद्ध बोललो, तिच्यावरचा माझा राग मात्र अजून उतरलेला नाही.

दूरच्या एका कारखान्यात ऍल्युमिनियमचा पत्रा फिरत्या साच्यावर दाबून मला धोतऱ्याच्या फुलासारखा आकार दिला गेला. उमरखेडच्या सरोज टॉकीजचे मालक श्रीकृष्णराव बक्षी यांनी मला आणलं. त्यांच्या घरात बाप, भाऊ, काका सगळे कचेरीत नोकरीला; हे एकटेच सिनेमाच्या नादी लागलेले. त्यांनी मला भावसिंग राठोडच्या ऑटोच्या टपावर बांधलं. भावसिंग याच तांड्याचा. त्याच्या पणजोबाने बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं होतं. भावसिंग गावोगाव सिनेमाची जाहिरात वाहत होता.

काय आवाज होता त्याचा! "या हो या, मायबाप! आजपासून तुमच्या लाडक्या सरोज टॉकीजमधी, रोज तीन खेळ!" त्याने माईक तोंडाशी धरला की माझा पत्रा थरथरायचा. बाया शेतातून मान वर करायच्या. बाजारातले लोक म्हणायचे, "भावसिंगचा भोंगा आला." मी ते कौतुक खरं मानलं. मी कधी विचारलं नाही की मी ओरडतो ते खरं की खोटं. भावसिंगनेही विचारलं नाही. श्रीकृष्णराव कागदावर लिहून देत, तो वाचे आणि मी मोठं करून सांगे.

दोन हजार पाच साली मधुवंती पांढरीपांडे तांड्यावर आली. तुमच्यापैकी काहींच्या घरी हे नाव निघालं की अजून भांडण होत असेल. ती यवतमाळच्या एका वकिलाची मुलगी, मुंबईला जाऊन मोठी दिग्दर्शक झालेली. अर्धे लोक म्हणत, असं सिनेमातलं डोकं शंभर वर्षांत झालं नाही. अर्धे म्हणत, ही दुसऱ्याचं दुःख परदेशात नेऊन दाखवते. श्रीकृष्णरावांच्या एकाच घरात हे दोन्ही पक्ष होते. ऑटो त्यांच्या अंगणात उभा असे, त्यामुळे मला सगळं ऐकू येई.

"तिच्यामुळे आपल्या जिल्ह्याचं नाव झालं," श्रीकृष्णराव म्हणत.

"कशाबद्दल झालं ते बघा की," त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई म्हणत. "तिच्या सिनेमात आपल्याकडचं माणूस कधी हसलंय का?"

त्या वर्षांत कापसाने सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आणला होता आणि मुंबई-दिल्लीहून कॅमेरे येतच होते. मधुवंतीला खरं घर, खरी माणसं हवी होती. श्रीकृष्णरावांच्या शब्दावरून भावसिंगने तिला आपल्या बहिणीच्या घरी नेलं. बहीण हंसाबाई, मेहुणा बादल जाधव, मुलगी उज्ज्वला. बादल थट्टेखोर माणूस. कॅमेरावाल्यांना त्याने ताक पाजलं आणि "आमचा बैलबी घ्या सिनेमात, माह्यापेक्षा देखना आहे," असं म्हणून हसवलं.

मधुवंतीने हंसाबाईला दारात बसवलं. "हंसाबाई, तुमच्या आईची आठवण काढा. मोकळेपणी रडा. आमच्याकडे लक्ष देऊ नका." हंसाबाईची याडी, म्हणजे आई, होळीच्या आधीच वारली होती. ती खरोखरच रडली. ऑटोच्या टपावरून ते ऐकताना मलाही कसंतरी झालं. भिंतीवरचा बादलचा फेटा बांधलेला फोटो त्या लोकांनी दोन दिवसांसाठी मागून नेला आणि नीट पुसून परत केला. माणसं चांगली आहेत, असं तेव्हा तांड्यात सगळे म्हणाले.

पुढच्या वर्षी सिनेमा आला. नाव होतं 'कोरडं बोंड'. श्रीकृष्णरावांनी कागद दिला आणि भावसिंग वाचू लागला: "आपल्याच मातीतली, खरी घडलेली गोष्ट! जहर पिऊन मेलेल्या कापूसवाल्याच्या विधवेची करुण कहानी!" कोणाची गोष्ट, हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मित्रांनो, मी ते फुलसावंगीच्या भर बाजारात ओरडलो आणि तांड्यातही ओरडलो. बादलच्या दारासमोर तर ऑटो जरा जास्तच वेळ थांबला होता.

तांडा तीन ऑटो भरून सिनेमा पाहायला गेला. मी बाहेर टपावरच होतो; आत काय झालं ते परतीच्या वाटेवरच्या बोलण्यातून कळलं. पडद्यावर बादलचा तोच फोटो आला. त्याला झेंडूचा हार होता आणि खाली उदबत्ती. समोर हंसाबाई दारात बसून रडत होती. आईसाठी रडलेलं ते रडणं आता नवऱ्यासाठी होतं. पडद्यावर तिचं नावही हंसाच ठेवलं होतं. दुसऱ्या रांगेत बसलेल्या बादलकडे लोक वळून पाहू लागले. मागून कुणीतरी हसलं. बादल मात्र हसला नाही.

सिनेमाला दिल्लीत बक्षीस मिळालं. इकडे बाजारात बादलला लोक "काय बे भुता, कापूस इकाले आला का?" असं विचारू लागले. पत्रकार विधवेला शोधत यायचे आणि अंगणात उभ्या असलेल्या बादललाच विचारायचे, "तुम्ही त्यांचे कोण?" हंसाबाईच्या दंडावरचा चुडा, जो नवरा असेपर्यंत उतरत नाही, त्याच्याकडे परक्या तांड्यांतल्या बाया वाकड्या नजरेने पाहायच्या. एका लग्नात तिला हळदीच्या पाटापासून उठवलं.

आणि मग उज्ज्वलाची सोयरीक मोडली. दिग्रसकडच्या तांड्यातले सेवादास चव्हाण मुलासाठी तिला पसंत करून गेले होते. सिनेमा पाहून ते परत आले आणि तांड्याच्या नायकाच्या, म्हणजे प्रमुखाच्या, ओट्यावर म्हणाले, "पोरीचा बाप मेला हे आम्ही डोयानं पायलं. मंग तिच्या घरात जो मानूस राह्यते तो कोन?" हंसाबाईने फोटो दाखवला, शपथ घेतली. ते उठून गेले. ज्या पडद्याची जाहिरात मी केली होती, त्याच्यावर त्यांचा विश्वास होता. समोर बसलेल्या बादलवर नव्हता.

बादल यवतमाळला गेला. मधुवंती सुट्टीला वडिलांकडे आली होती. भावसिंगने ऑटो फाटकाशीच लावला होता, म्हणून तिचं बोलणं मी ऐकलं. ती चिडली नाही, उलट फार गोड बोलली.

"बादलभाऊ, कलेतलं सत्य वेगळं असतं. तुम्ही मेलात म्हणून लोक रडले. तुम्ही जिवंत असता तर तुमच्याकडे कोणी पाहिलं असतं?"

"पन बाई, मी आहो ना," बादल म्हणाला. "माही पोरगी आहे. एक डाव पेपरात लिहून द्या का हे बनवेल होतं."

"त्याने सिनेमाचं नुकसान होईल," ती म्हणाली आणि आत गेली.

बादल तांड्यावर परतला. त्यानंतर तो बाजारात जाईनासा झाला. त्याची थट्टा गेली, ताक पाजणं गेलं. भावसिंग मला पुसायचा तेव्हा त्याचा हात जड लागायचा. "आपनच केलं हे," तो एकदा पुटपुटला. त्या दिवसापासून माझ्या पत्र्यात एकच गोष्ट साचत गेली. मला सूड हवा होता.

तीन वर्षांनी बातमी आली. मधुवंती पांढरीपांडेचा नवा सिनेमा येतो आहे, 'दुसरी वेचणी'. त्या विधवेचं पुढे काय झालं, त्याची गोष्ट. पेपरात लिहून आलं की या वेळी हंसा एका ठेकेदाराबरोबर गाव सोडून जाते. पहिला खेळ सरोज टॉकीजमध्ये, बाई स्वतः हजर राहणार. साऱ्या गावात दुसरा विषय राहिला नाही. चहाच्या टपरीवर तिच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे हमरीतुमरीवर आले. कॉलेजच्या प्राध्यापकांनी व्याख्यान ठेवलं. श्रीकृष्णरावांनी टॉकीजला रंग दिला आणि दर्शनी भिंतीवर तिचा दोन माणूस उंच फोटो लावला.

"हंसाबाईला विचारलं का कोणी?" सुहासिनीबाईंनी विचारलं. श्रीकृष्णराव फोटोची दोरी ताणत राहिले.

भावसिंगला जाहिरातीचा कागद मिळाला. तो बहिणीच्या घरी गेला आणि म्हणाला, "मी हे वाचत नाही. नोकरी गेली त गेली."

हंसाबाई तूर निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "नाही म्हनू नको, भीया. ओरड. असा ओरड का एकबी मानूस घरी राह्यला नाही पायजे. दिग्रसच्या तांड्यावर जाय. सेवादासच्या दारात उभा राहून ओरड. साऱ्याइले बोलव."

"कायले?"

तिने त्याला जवळ बसवून सांगितलं. उज्ज्वला दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "मामा, भोंगा चांगला पुसून घे."

मित्रांनो, त्या आठ दिवसांत मी जसा ओरडलो तसा आयुष्यात ओरडलो नाही. महागाव, ढाणकी, दिग्रस, एक बाजार सोडला नाही. लोक म्हणत, भावसिंगच्या आवाजात काय जोर आला आहे! त्यांना वाटलं तो सिनेमाचा आनंद आहे. मी ओरडत होतो, "या हो या, चुकवू नका!" आणि मनात म्हणत होतो, ये बाई, तूही ये, वाट पाहतो.

शुक्रवारी दुपारी टॉकीजसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मधुवंती पांढऱ्या गाडीतून उतरली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात भिंतीला शिडी लागली. उज्ज्वला वर चढली आणि तिने मधुवंतीच्या फोटोला झेंडूचा हार घातला. लोकांना वाटलं सत्कार आहे. टाळ्या वाढल्या. मग हंसाबाई फोटोखाली बसली, तिने उदबत्ती लावली आणि ओढणीचा पदर तोंडावर ओढून गळा काढला.

"अवं माय वं! काहून गेली वं बाई, काहून गेली!"

टाळ्या थांबल्या. भावसिंगने माईक तोंडाशी धरला. मी तापलो की शिट्टी मारतो. त्या दिवशी मारली नाही. एकेक शब्द स्वच्छ बाहेर टाकला.

"लक्ष द्या हो, लक्ष द्या! खरी घडलेली गोष्ट! आपल्या जिल्ह्याची लाडकी लेक मधुवंतीताई आज सकायी वारल्या. आत्म्याले शांती लाभो!"

आधी कुणाला काही उमगलं नाही. मग इकडून तिकडून हसू फुटलं. ज्यांचा तिच्यावर राग होता ते तर पोट धरून हसत होते. मधुवंती हंसाबाईजवळ गेली, "हंसाबाई, हा काय प्रकार आहे? मी इथे उभी आहे!" हंसाबाईने तिच्याकडे पाहिलंच नाही, ती रडत राहिली. श्रीकृष्णराव "बंद कर! बंद कर!" म्हणत ऑटोकडे धावले. गर्दीने त्यांना पुढे येऊ दिलं नाही. शेवटी मधुवंतीच ऑटोजवळ आली आणि तिने भावसिंगच्या हातातून माईक ओढला.

"मी जिवंत आहे!" ती किंचाळली. तिचा आवाज मी एस.टी. स्टँडपर्यंत पोचवला. "ऐकताय ना? मी जिवंत आहे!"

ऑटोत मागच्या सीटवर बादल बसला होता. तो खाली उतरला आणि तिच्याशेजारी उभा राहिला. तो हळूच बोलला, पण माईक चालू होता.

"मी बी आहो, बाई."

हसणाऱ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. पायरीवर उभ्या असलेल्या सुहासिनीबाई म्हणाल्या, "मधुवंती, माईक हातात आहे तोवर त्यांचं नाव घे."

तिने इकडेतिकडे पाहिलं. जायला वाट नव्हती. हजार माणसं उभी होती आणि त्यात तिचे चाहतेही होते. मग माझ्यातून तिचे शब्द बाहेर पडले, "बादल जाधव जिवंत आहेत. ती गोष्ट त्यांची नव्हती. मी रचली होती." माफी तिने मागितली नाही. बादलनेही मागायला लावली नाही. त्याने फक्त गर्दीकडे तोंड करून हात जोडले, प्रत्येकाला नीट दिसावा म्हणून जरा वेळ तसाच उभा राहिला आणि मग ऑटोत जाऊन बसला.

सिनेमा लागला. अर्धी माणसं खुर्च्यांवर बसली, अर्धी घरी गेली. वाद पुढे वर्षभर चालला. श्रीकृष्णरावांनी मला टपावरून उपटून भिंतीवर आपटलं. हा ओठावरचा पोचा त्याचाच. भावसिंगची नोकरी गेली. तो आता त्याच ऑटोतून कापूस वेचणाऱ्या बाया शेतावर नेतो. जाताना त्याने मला भंगारातून उचललं आणि इथे आणून टांगलं.

दोन आठवड्यांनी सेवादास चव्हाण नारळ घेऊन आले. त्या दिवशी ते गर्दीत होते. "झालं ते झालं, पोरगी द्या," ते म्हणाले. बादलने उज्ज्वलाकडे पाहिलं.

"मले पायजे तो मानूस, जो माह्या बापाले पाहून म्हनन का हा जिता आहे," ती म्हणाली. "त्याच्यासाठी ज्याले भोंगा लागते, त्याच्या घरी मी जात नाही." नारळ परत गेला. त्या संध्याकाळी बादलने तीन वर्षांनी पहिल्यांदा बाजाराची पिशवी खांद्यावर टाकली.

मला पश्चात्ताप होतो तो पहिल्या जाहिरातीचा, दुसरीचा नाही. मित्रांनो, तुमच्याकडून मला पॉलिश नको, नव्या ताराही नकोत. चिमण्यांची पिलं उडेपर्यंत मला हलवू नका, एवढं केलंत तरी पुष्कळ. आणि कधी तुमच्या हातात माईक आला आणि कुणा माणसाची गोष्ट चार लोकांना सांगायची वेळ आली, तर आधी त्याच्या घरी जाऊन या. तो जिवंत आहे की नाही, एवढं तरी बघून या.