हातचे राखलेले गुण

गादीखाली बघू नका, फ्रिजवर बघू नका, आणि त्या बिचाऱ्या नवऱ्यावर तर मुळीच ओरडू नका. मी इथंच आहे, बाईंच्या कपाळावर, पुढच्या केसांत दांडी अडकवून बसलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! बाईंचा चष्मा बोलतोय मी. एरवी बोलत नाही. पण गेल्या वर्षापासून बाईंना चैन नाही आणि त्यामुळे मलाही नाही. मला घालतात, काढतात, बाहीला पुसतात, पुन्हा घालतात, कपाळावर सरकवतात आणि विसरतात. आज तर सकाळपासून जास्तच चाललंय, कारण आज एका मुलीचा निकाल आहे. तिची गोष्ट सांगायची तर आधी माझी सांगायला हवी.

माझा जन्म बाईंच्या नवऱ्याच्याच हातचा. चौकात त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे, पुढे काचेची कपाटं आणि मागे पडद्याआड काच घासायचं चाक. त्या चाकावर पाण्याची धार धरून त्यांनी माझ्या काचा घासल्या, काठ बोटानं चाचपले, फ्रेम गरम करून त्यात बसवल्या. वरच्या भागातून लांबचं दिसतं, खालच्या भागातून जवळचं.

"वरून पोरं बघ, खालून पेपर," ते म्हणाले.

"आणि तुम्हाला कुठून बघू?"

"मला बघायला कशाला हवा चष्मा? मी काय नवीन आहे?"

बाई खूप हसल्या होत्या. हसल्यावर त्यांचं नाक आक्रसतं आणि मी खाली घसरतो, म्हणून मला पक्कं आठवतंय.

बाई गणित शिकवतात. मुलं पाठीमागे त्यांना 'कात्री' म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. नाव पडलं ते सराव परीक्षेमुळे. खऱ्या परीक्षेच्या आधी शाळा जी परीक्षा घेते, तिच्यात बाई कायम हातचं राखून गुण द्यायच्या. पायरी गाळली, काप. एकक लिहिलं नाही, काप. अक्षर बेंगरूळ, तरी काप. "आता सढळ हातानं दिले की कार्टी हवेत जातात," त्यांचं म्हणणं. "राहिलेले गुण घेतील की वसूल खऱ्या परीक्षेत!" आणि घ्यायचीही. बाईंकडे रडलेली मुलं खऱ्या निकालाला उड्या मारत यायची. शाळेत म्हणच पडली होती, कात्रीचे साठ म्हणजे बाहेरचे ऐंशी.

त्यांच्या अगदी उलट भौतिकशास्त्राचे सर. त्यांना सगळे 'साखर सर' म्हणतात. उत्तर चुकलं तरी पोरगं निदान विचार करत होतं, असं म्हणून ते दोन गुण देणार. "सर, तुमच्या हातून पेपर सुटला की त्याला मुंग्या लागतात," असं बाई भर स्टाफरूममध्ये म्हणायच्या. सर आपले हसायचे.

तर ती मुलगी. नदीवर माणसं पलीकडे नेणारी मोटारहोडी असते ना, ती चालवणाऱ्याची लेक. वर्गात तिला 'झटपट' म्हणत. गणित फळ्यावर लिहून व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. पायऱ्या सगळ्या डोक्यात, कागदावर नुसतं उत्तर. तिला पूल बांधायचे होते. लहानपणापासून एकच ध्यास. बाप थट्टा करायचा, "लेक पूल बांधणार म्हणजे माझी होडी भंगारात! बांध बाई, बांध." आणि विद्यापीठानं तिच्यासाठी जागा ठेवलीही होती. अट एकच होती, गणितात 'अ' श्रेणी, म्हणजे ऐंशी गुण. त्याला एक जरी कमी पडला, तर जागा रांगेतल्या पुढच्याला.

सराव परीक्षेत बाईंनी तिला एकसष्ट दिले.

"पायऱ्या कुठायत गं? तपासणारे काय मनकवडे असतात?" पेपर देताना बाई म्हणाल्या.

"बघाच बाई, खऱ्या परीक्षेला एकेक पायरी लिहिते," झटपट म्हणाली. ती हसत होती, बाईही गालात हसत होत्या. दोघींनाही ते एकसष्ट खरे वाटलेच नव्हते.

मग साथ आली. शाळा बंद, रस्ते बंद, माणसं घरात. परीक्षा आधी पुढे ढकलली, मग आणखी पुढे, आणि शेवटी चक्क रद्द. एका सकाळी नवऱ्यानं फोनवर आलेला सरकारी हुकूम वाचून दाखवला. यंदा परीक्षा नाही, शिक्षकांनीच गुण द्यायचे, आणि त्यांना मुख्य आधार सराव परीक्षेचा.

बाईंनी मला काढलं आणि काचांवर उलटं ठेवलं. असं ठेवू नये हे नवऱ्यानं त्यांना हजारदा सांगितलंय. त्या दिवशी त्यांनीच मला उचलून सुलटं ठेवलं.

"अहो," बाई म्हणाल्या, "माझी सगळी पोरं कापलेली आहेत."

तेव्हापासून ही तगमग सुरू झाली. बाई भाजी चिरताना थांबायच्या, बोलता बोलता थांबायच्या. बाहेर पडायचं तर तोंडाला मास्क, आणि त्यातून निघणारा श्वास सगळा माझ्या काचांवर. वाफेनं मी पांढराफटक. बाई पुसायच्या, पुन्हा वाफ. सगळं जगच असं धुरकट झाल्यासारखं वाटायचं, आणि मला माझीच चीड यायची.

झटपट एकदा दारात आली. आत आली नाही, जिन्याच्या कठड्याला टेकून लांबच उभी राहिली.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावेन. तरी विचार."

"माझे किती कापले होते?"

कुणाचे किती राखले याची नोंद बाईंनी कधी ठेवलीच नव्हती. परत मिळणारच होते, मग कशाला ठेवायची? सगळा अंदाजाचा कारभार. आणि त्यातही एक गोम होती. रडव्या, घाबरट मुलांना बाई जपून कापायच्या. जी सोसेल, जिच्याकडून फार आशा आहे, तिच्यावर कात्री जोरात चालायची. म्हणजे झटपटचेच सर्वांत जास्त गेले होते. ज्याच्यावर जीव, त्याचंच नुकसान. हे बाईंना तिथं दारात उभ्या उभ्या कळलं. त्यांचे डोळे भरले, ते आतल्या बाजूनं मला समजलं.

"बघते मी," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी त्या मुख्याध्यापकांसमोर उभ्या. "मला सगळ्या वर्गाचे पेपर पुन्हा तपासायचेत."

"बाई, दिलेला गुण बदलत नाही, हे तुमचंच वाक्य ना?" मुख्याध्यापक म्हणाले. "किती पालक रडत आले आणि तुम्ही माझ्यासमोर त्यांना ते ऐकवलंत!"

"ऐकवलं. आता मला कोणीतरी ऐकवा. पण मी मुद्दाम कमी दिलेत, ते लेखी देते."

"उद्या लोक म्हणतील, या बाई लहर लागेल तसे गुण देतात."

"खोटं काय आहे त्यात?" बाई म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, एकट्यानं नाही, दोघांनी तपासा. गुण वेगवेगळ्या कागदांवर लिहा, एकमेकांना दाखवू नका, शेवटी सरासरी घेऊ. दुसरं कोण हवं?

बाईंनी साखर सरांचं नाव घेतलं. मला वाटलं, कानांवरची माझी पकड सुटतेय की काय.

प्रयोगशाळेच्या लांब टेबलाच्या दोन टोकांना दोघं बसले. खिडक्या सताड उघड्या. सर अवघडून म्हणाले, "माझा काय भरवसा धरता बाई? मला सगळीच पोरं हुशार दिसतात."

"म्हणूनच बोलावलंय. मला सगळीच कच्ची दिसतात."

असे ते बसले आणि पेपरामागून पेपर सरकत राहिले. झटपटचा पेपर आला तेव्हा बाईंनी मला दोनदा पुसलं. प्रामाणिकपणे, बाहेरचा परीक्षक तपासेल तसा, त्या एकेक गणित तपासत गेल्या. बेरीज आली शहात्तर. एका गणितात उत्तर बरोबर होतं, मधल्या दोन पायऱ्या नव्हत्या. पेन त्याच्यावर थांबलं. बाईंनी मान वर केली, माझ्या वरच्या भागातून खिडकीबाहेर पाहिलं. तिथं काही नव्हतं, नुसतं मैदान. मग त्यांनी तिथं एक गुण वाढवला. सत्त्याहत्तर.

कागद उघडले. सरांनी त्र्याऐंशी दिले होते. सरासरी बरोब्बर ऐंशी.

सरांनी टाळी वाजवली. "बसली! काठावर का होईना, बसली!"

बाई हसल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं, "तो एक गुण मी पेपर बघून दिला, की पोरगी आठवून?"

"मला कशाला विचारतेस? मी गणितात काठावर पास झालेला माणूस. मला काठाबद्दल आदर आहे."

"थट्टा नको हो."

"बरं, नाही करत. सुटली ना पोर? मग झालं तर."

पण झालं नव्हतं. वर्गात इतरांचे गुणही वाढले होते, सगळीकडे आनंदीआनंद होता. बाईंना मात्र तो एक गुण डोळ्यांत गेलेल्या कणासारखा खुपत राहिला. तो नसता तर जागा गेली असती. आणि तिचा तो हक्कच असेल, तर इतकी वर्षं आपण कुणाकुणाचे किती हक्क कापले? सगळी मुलं काही उड्या मारत आली नसतील. बाई बसल्या जागी हे पुटपुटायच्या आणि मला काढायच्या.

विद्यापीठात जायच्या आदल्या दिवशी झटपट पुन्हा आली. तोवर साथ ओसरली होती. या वेळी ती आत आली, खुर्चीवर बसली, आणि तिच्या चेहऱ्यावर जागा मिळाल्याचा आनंद औषधालाही नव्हता.

"बाई, ते ऐंशी माझे आहेत का?"

"म्हणजे काय?"

"वर्गात म्हणतात, साखर सरांनी दिले. घरी म्हणतात, बाईंनी दिले. मी मिळवले असं कोणीच म्हणत नाही. तिथं गेले आणि नाही जमलं तर? मला पूल बांधायचाय बाई. त्यावरून माणसं जाणार."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "जेवून आलीस?"

"हो."

"मग बस."

जेवणाचं टेबल साफ झालं. बाईंनी कपाटातून एका जुन्या वर्षाची खरी प्रश्नपत्रिका काढली. नवऱ्याला दुकानात पिटाळलं, फोन बंद करून ठेवला. झटपट लिहायला बसली आणि बाई परीक्षेच्या हॉलमध्ये फिरतात तशा स्वयंपाकघर ते बाल्कनी फिरत राहिल्या. या परीक्षेचे गुण कुठेच जाणार नव्हते, पण दोघी अशा गंभीर, की मलाच धाप लागली.

पेपर झाल्यावर मुलगी बाल्कनीत जाऊन उभी राहिली. बाई तपासायला बसल्या. मी नाकावर होतो, माझ्या डोळ्यांदेखत झालंय हे. कात्री नाही, साखर नाही. जिथं द्यायचा तिथं दिला, जिथं नाही तिथं नाही. पोरीनं पायऱ्या सगळ्या लिहिल्या होत्या. पण इतके महिने हातात पेन नव्हतं, दोन मोठी गणितं पार फसली होती. बाईंनी बेरीज केली. पुन्हा केली. अठ्ठ्याहत्तर.

मुलीनं आकडा पाहिला आणि तिचा चेहरा पडला. मग हळूच वर बघून म्हणाली, "बाई... कापून?"

बाईंनी मला काढलं. मला घालून त्यांना खोटं बोलता येत नाही, असा माझा समज आहे.

"मग? मी कधी न कापता दिलेत?"

"कात्रीचे अठ्ठ्याहत्तर!" ती किंचाळलीच, आणि मग 'कात्री' म्हणाल्याचं ध्यानात येऊन तिनं जीभ चावली. "अय्या बाई, म्हणजे बाहेरचे नव्वद तरी!"

"जा आता, चावटपणा पुरे. आणि तिथं पायऱ्या लिहायच्या, कळलं?"

ती पाया पडली नाही, रडली नाही, धडाधड जिना उतरत गेली. बाई मला हातात धरून बराच वेळ टेबलापाशी बसल्या. आयुष्यभर मुलांकडून काढून घेतलं, त्यातलं थोडं परत दिलं, असं त्यांना वाटलं असेल. की पोरीला फसवलं, असंही वाटलं असेल. मला नक्की सांगता येत नाही.

तर आज तिचा तिथला पहिला निकाल. टेबलावर फोन थरथरतोय, तिचाच निरोप असणार, आणि तो वाचायला बाईंना मी हवाय. उशा उलथ्यापालथ्या झाल्यात. नवरा दारात उभा राहून म्हणतोय, "अगं, डोक्यावर बघ, डोक्यावर!" आला, बाईंचा हात वर आला. आता मी नाकावर जाईन आणि माझं बोलणं बंद होईल.

तेवढ्यात एक सांगून घेतो. अठ्ठ्याहत्तरांचं खरं फक्त बाईंना आणि मला ठाऊक होतं, आता तुम्हालाही झालं. हात जोडायला मला हात नाहीत, दोन दांड्या आहेत, त्याच जोडतो. निरोपात काहीही असो, पुढेमागे एखाद्या नव्या पुलावर ती पोरगी तुम्हाला भेटली आणि तिनं विचारलंच, तर एवढंच सांगा, की कापूनच होते.