तिची तिथी, त्याची तारीख

"पंधरा दिवसांमागंच तर जाऊन आलात की, मावशी," मल्लिकार्जुन म्हणाला. लातुरातली ती मेस त्याची होती. क्लासच्या पोरींचे डबे भरताना नागम्मानं मान वर केली नाही.

"तवा माझ्यासाठी गेले होते. उद्या ह्यांच्यासाठी जाते."

सुकन्या भूकंपात गेली, चार वर्षांची. आदल्याच दिवशी गावानं गणपती बोळवला होता. तेव्हापासून नागम्मा भाद्रपदी पौर्णिमेला उपास धरून जुन्या गावी जाई, लेकीच्या समाधीला विभूती लावी, बेल वाही. तिचा नवरा गुरुबसप्पा मात्र तीस सप्टेंबरला जायचा. ती म्हणायची, लेकराला तारीख ठावी होती का? गेलेलं माणूस तिथीलाच भेटतं. तो म्हणायचा, तुझी तिथी दरसाल सरकते. मला कॅलेंडरात बोट ठेवायला एक जागा पाहिजे. भांडण असं नव्हतं. पण इतकी वर्षं एकाच लेकीकडे दोघं वेगवेगळ्या दिवशी जात राहिले.

यंदा उन्हाळ्यात त्याचं उजवं अंग लुळं पडलं. डाळमिलचं काम सुटलं, बोलणं अडखळू लागलं. दोन दिवस तो एकच वाक्य जुळवत होता. "माझ्या तारखेला... तू जा."

लेकीला वर्षातून दोनदा पुरायचं का, असं तिच्या तोंडाशी आलं होतं. शिवाचं नाव घेऊन तिनं ते गिळलं.

एसटीनं पोचली तेव्हा सरकारी मानवंदना आटोपून माणसं पांगली होती. जुन्या गावात गवत कमरेएवढं. समाधीजवळ शेळ्या राखणारी विठाबाई भेटली. अण्णा दिसंनात, म्हणाली. नागम्मानं दुखणं सांगितलं.

"मग अक्का, यंदा पोरीला कोन सांगनार?"

"काय सांगनार?"

"अण्णा सांगायचे की दरसाल. बाई, तू आता शाळंत गेलीस. आता धाव्वी झालीस. लातूरला क्लास लावलाय तुला. गेल्या साली म्हनले, लगीन झालं, सासरी चांगली नांदून राहिली."

नागम्मा खाली टेकली. तिच्या पौर्णिमेला लेक अजून चारच वर्षांची होती, फ्रॉकचा बंद सुटलेली. मेसमध्ये दरसाल नव्या पोरी जेवून जात. त्यांच्यात कुठं सुकन्या असेल, हे तिच्या मनाला शिवलं नव्हतं. आणि हा माणूस तारखेला तारीख जोडून लेक वाढवत होता.

दगडावर हात ठेवून ती बसून राहिली. मग ती हळू काही बोलली. विठाबाईनं शेळ्या पुढं नेल्या.

संध्याकाळी घरी येऊन तिनं अंघोळ केली, लिंगपूजा केली, मगच पाणी प्यायली. पेजेची वाटी घेऊन त्याच्या खाटेशी बसली. तो कधीचा तिच्याकडेच बघत होता.

"काय... सांगितलंस?"

"बाळंत झालीस म्हनलं. लेक झाली."

त्याचा अर्धा चेहरा हसला. पेज हनुवटीवर ओघळली, तिनं ती पदरानं टिपली. बऱ्याच वेळानं त्यानं शब्द जुळवला. "नाव?"

तेवढं तिनं योजलं नव्हतं.

"बारशाला येळ हाय अजून," ती म्हणाली. "तुमीच सुचवा."

त्यानं डोळे मिटले. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा बारशाचे दिवस मोजत बोटांच्या पेरांवरून हळूहळू सरकत होता.